छातीत धडधडतंय, त्याचं काय करायचं?

रात्री अडीच वाजता मी मेलो. सकाळी सहाला नळावर हंडा घेऊन उभा होतो.

गेल्या दोन वर्षांत मी असा पन्नास-साठ वेळा तरी मेलोय. ह्याची बातमी कुठं येत नाही. शोकसभा होत नाही. आणि आपल्या अड्ड्यावर तर हे बोलायचीही सोय नाही. बोललं की पोरं दात काढतात, 'साल्या, तुझी टरकलीय.' टरकलीय हे खरंच आहे. म्हणून तर लिहितोय.

आधी काय होतं ते सांगतो. ज्याला हे झालंय त्याला वाचता वाचता ओळख पटेल, आणि ज्याला झालेलं नाही त्याला एरवी कळायचं नाही. डोळा लागत असतो. तेवढ्यात छातीत काहीतरी उलटतं, पाण्यात मासा उलटावा तसं. एक ठोका येतच नाही. मग एक असा येतो की आतून कुणी बरगडीवर बुक्की मारावी. मग धावपळ सुरू. हात गार, तळव्यांना घाम, ओठांना मुंग्या, श्वास पुरत नाही. डोक्यात एकच : आला. बापाला आला तसाच आला. उठून बसायचं, मनगट धरायचं, मोबाईलवर सेकंद बघून ठोके मोजायचे. १२०. १३०. खोलीत पाच माणसं झोपलेली. उठवावं तर आई घाबरणार, न उठवावं तर सकाळी तिलाच मढं सापडणार. ह्या हिशोबात अर्धा तास जातो आणि सगळं ओसरतं. अंगातलं बळ कुणी पिळून काढल्यासारखं वाटतं. झोप मात्र गेलेली असते.

माझा बाप ५१व्या वर्षी गेला. गोदीत माल चढवायचा-उतरवायचा. दोन दिवस छातीत जळजळतंय म्हणत होता. वस्तीतल्या डॉक्टरनं पित्ताची गोळी दिली, शेजारणीनं सोडा दिला, आईनं ओवा दिला. खाडा पडेल म्हणून तो कामावर गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शर्ट काढता काढता खाली बसला, तो उठलाच नाही.

म्हणजे बघा, ज्याच्या हृदयात खरोखर आजार होता तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, 'गॅस आहे.' आणि ज्याच्या हृदयात काही सापडत नाही तो मी म्हणतो, 'हार्ट आहे.' बाप चुकला, मीही चुकतोय. पण दोघांच्या चुकीचं मूळ एकच आहे. छातीत होतंय ते नेमकं काय आहे, हे आम्हाला नीट बसवून, समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस आमच्या वाटेत नव्हता. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढचं त्याचा खुलासा.

पहिल्या वेळी मी रात्रीच रिक्षा करून एका इस्पितळात गेलो. नाव कशाला घ्या. तिथला तरुण डॉक्टर किती तास उभा होता कुणास ठाऊक, डोळे लाल. ईसीजीची पट्टी त्यानं उभ्या उभ्या बघितली. म्हणाला, 'काही नाही. टेन्शन घेऊ नका.' आणि पुढच्या पेशंटकडं वळला.

काही नाही? मग आत वाजतंय ते काय, लेझीम?

मला वाटलं ह्यानं नीट बघितलंच नाही. मग खाजगीत गेलो. तिथं भाषा गोड, खुर्ची मऊ आणि यादी लांब. रक्त, थायरॉइड, टू-डी इको, पट्ट्यावर पळवायची टेस्ट, मग छातीला तारा चिकटवून २४ तास होल्टरचं यंत्र. सगळं मिळून १४ हजार गेले, त्यातले निम्मे मित्राकडून उसने. निकाल : हृदय चांगलं, काही जादा ठोके, निरुपद्रवी. फाईल घरी आणून आईच्या हातात दिली तेव्हा ती रडली. मी चार रात्री मुडद्यासारखा झोपलो. पाचव्या रात्री पुन्हा मासा उलटला आणि डोक्यात आलं, त्या दिवशी नसेल, आज असेल.

इथं ह्या आजाराची खरी गोम आहे. तपासणीनं मिळणारा दिलासा दारूसारखा आहे. चढतो, उतरतो, आणि पुढच्या वेळी जास्त लागतो. मी सहा महिन्यांत चार ईसीजी काढले. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र घेतलं. हप्त्यावर मनगटातलं घड्याळ घेतलं, ते दिवसभर ठोके दाखवायचं आणि मी दिवसभर बघायचो. जिने चढायचं सोडलं. क्रिकेट सोडलं. चहा सोडला. मीटिंगमध्ये दाराजवळ बसायला लागलो, म्हणजे पडलो तर बाहेर काढायला बरं. एक दिवस घोषणा देताना आवाज चढला, ठोका चुकला, आणि मी मोर्चा सोडून पानाच्या टपरीमागं जाऊन मनगट धरून उभा राहिलो. बाजूनं आपलीच पोरं मुठी आवळून चाललेली. त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. ती लाज कुणाला सांगितली नाही.

आणि बाजार? बाजाराला हे सगळं पक्कं ठाऊक आहे. 'हृदय सांभाळा, अमुक टेस्ट अमुक रुपयांत' अशी पाटी नाक्यानाक्यावर आहे. बापासारख्या माणसाला वेळेवर एक ईसीजी मिळत नाही, आणि माझ्यासारख्याला नको असलेला पाचवा ईसीजी विकायला दहाजण टपलेले. दुखणं तेच, फक्त गिऱ्हाईक होण्याची ऐपत वेगळी.

मग मी विचारत सुटलो, वाचत सुटलो. जे कळलं ते साध्या शब्दांत सांगतो.

हृदय दिवसाला साधारण १ लाख ठोके टाकतं. त्यातला एखादा वेळेआधी पडतो. त्याच्यामागून किंचित थांबा येतो, तेवढ्यात हृदयात जरा जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात लागतो. हाच तो मासा आणि हीच ती बुक्की. धडधाकट माणसांना २४ तास यंत्र लावलं तरी पुष्कळांच्यात असे चुकार ठोके निघतात. त्यांना ते जाणवत नाहीत. मला जाणवतात, कारण मी तिथं कान लावून बसलोय. एक ठोका चुकतो, मी घाबरतो. घाबरलो की रक्तात ॲड्रिनॅलिन येतं, ते ठोके वाढवतं. श्वास भराभर घेतला जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानं ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळते. छाती आवळली की मी आणखी घाबरतो. घाण्याच्या बैलासारखं हे फिरत राहतं. डेव्हिड क्लार्क नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली हे चक्र नीट मांडून दाखवलं : शरीराची साधी हालचाल, तिचा 'मी मरतोय' असा अर्थ, त्या अर्थानं वाढलेली हालचाल.

आणि हे नवं नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ गुलामगिरीवरून यादवी युद्ध झालं. फिलाडेल्फियात डा कोस्टा नावाच्या डॉक्टरकडं तरुण शिपाई येत : धडधड, छातीत कळ, दम लागणं. अशा ३०० शिपायांच्या अभ्यासावर त्यानं १८७१ साली निबंध छापला आणि ह्या प्रकाराला 'चिडलेलं हृदय' असं नाव दिलं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या फौजेत पुन्हा तेच. लोक त्याला 'शिपायाचं हृदय' म्हणायचे. थॉमस लुईस ह्या हृदयाच्या डॉक्टरनं १९१८ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि अशा शिपायांना खाटेवर लोळवण्यापेक्षा हळूहळू वाढत्या कवायतीवर घातलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी बंदूक धरलेल्या गड्यांचीही छाती अशीच उडत होती. हे वाचलं आणि टपरीमागची माझी लाज अर्धी उतरली. तोफेपुढं उभा राहिलेला माणूस भित्रा नसतो.

आता आपल्यातल्या दोन तऱ्हेच्या लोकांशी मला भांडायचंय.

पहिले म्हणतात, हे पांढरपेशांचे चोचले. ज्याला उद्याची भाकर शोधायचीय त्याला असली दुखणी होत नाहीत. मी त्यांना विचारतो, तुमच्या आईला विचारलंत कधी? आपल्या बाया वर्षानुवर्षं सांगतायत, 'जीव घाबरा होतोय', 'काळीज धडधडतंय', 'छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय.' आपण काय केलं? कुणी दृष्ट काढली, कुणी अंगारा लावला, कुणी 'नाटकं करते' म्हणून मोकळा झाला. त्यातल्या कितीजणींच्या अंगात रक्तच नसेल. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागं ५७ जणींना रक्तक्षय निघाला. रक्त कमी असलं तरी हृदय धावतं, थायरॉइड वाढला तरी धावतं. आणि भीतीनंही धावतं. शब्द आपल्याकडं होते, पण त्या शब्दांना आपण आजार मानलं नाही. मग चोचले कुणाचे?

दुसरे जास्त पुस्तकं वाचलेले. ते म्हणतात, हे सगळं व्यवस्थेचं पाप. समाज बदलला की छाती शांत होईल. ऐकायला बरं वाटतं. पण मित्रा, समाज बदलेल तेव्हा बदलेल, मला आज रात्री अडीचचं बघायचंय. सगळं व्यवस्थेवर टाकलं की मग मी घड्याळ काढून ठेवायची गरज नाही, डॉक्टरकडं जायची गरज नाही, काहीच करायची गरज नाही. ही पळवाट आहे. मी ती वापरून बघितलीय.

पण व्यवस्थेचा ह्याच्याशी काही संबंध नाही असंही मी म्हणत नाही. संबंध आहे, आणि तो नेमका कुठं आहे ते सांगतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवलीय. १९२९ सालच्या 'यंग इंडिया'त छापून आलेलं त्याचं पत्र आहे ते. बायको बाळंत झाली, आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मोठ्या माणसांची रदबदली आणि २ रुपये फी, तेव्हा तो आला, तेही बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायच्या अटीवर. त्यानं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत तसाच हातोहात डॉक्टरकडं. अंगाला हात न लावता निदान झालं. ती बाई वाचली नाही.

आज माझ्या बाबतीत असं काही झालं नाही. खोटं कशाला बोलू? माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्या कुणी मला जात विचारली नाही. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांना हात न लावता तपासलं गेलं, त्यांच्या घरात 'काही नाही' हा शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकला तर तो दिलासा वाटत नाही. तो हाकलल्यासारखा वाटतो. बापाला वाटायचं, कशाला जायचं तिथं बाकड्यावर ताटकळायला, शेवटी गोळीच देणार. मला वाटतं, जाऊन आलो तरी त्यांनी नीट बघितलं नसणार. बापाचा अविश्वास त्याला दवाखान्यापासून लांब ठेवत होता. माझा अविश्वास मला दहा दवाखाने फिरवतो. वारशात शेतीवाडी मिळाली नाही, हे मिळालं.

आणि भीतीला थोडा पायाही आहे, तो लपवू नये. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून २००७ साली हे पुढं आलं, की आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला हृदयाचा पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो आणि बाकीच्या देशांत ५९च्या आसपास. तेव्हा ज्याचा बाप पन्नाशीत गेला त्यानं घाबरू नये असं सांगणाराच मूर्ख. त्यानं एकदा नीट तपासून घ्यावं. बिडी-तंबाखू सोडावी, ब्लडप्रेशर आणि साखर बघावी. पण ते एकदा झालं की रोज रात्री खटला पुन्हा उभा करू नये.

मला हे कुणी समजावलं? एका सार्वजनिक इस्पितळाच्या मनोविकार विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी. तिथं जायला मला दीड वर्ष लागलं. बाकड्यावर मान खाली घालून बसलो होतो, ओळखीचं कुणी बघेल म्हणून. वस्तीत 'वेड्यांच्या डॉक्टरकडं' गेलेल्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. बाईंनी माझी जाडजूड फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मग बाजूला ठेवून म्हणाल्या, 'तुझी धडधड खरी आहे. तुझी भीतीही खरी आहे. फक्त धोका खरा नाही. बापाबद्दल सांग.' दोन वर्षांत पहिल्यांदा मी बापाबद्दल बोललो. रडलो. मग त्यांनी काम दिलं. घड्याळ आठवडाभर पेटीत. नाडी मोजायची नाही. जिने मुद्दाम चढायचे, ठोके वाढू द्यायचे, ते आपोआप उतरतात हे बघायचं. रात्री मासा उलटला तर उठून बसायचं नाही, श्वास सावकाश सोडायचा, आणि येऊ दे म्हणायचं. पहिल्या रात्री मला वाटलं, ही बाई मला मारणार. मेलो नाही. आता महिन्यातून एखाद्या वेळेला होतं. संपलंय असं म्हणत नाही. पण मी जिने चढतो, आणि मीटिंगमध्ये मधे बसतो.

आता कामाचं, कारण नुसत्या भावना सांगून मला निघून जायचं नाही.

छातीत मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखतंय आणि ते हाताकडं, जबड्याकडं, पाठीकडं चाललंय, दरदरून घाम, दम लागतोय, शुद्ध हरपली, मेहनत करतानाच छाती दुखते किंवा धडधडून चक्कर येते, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय : ह्यातलं काहीही असेल तर 'टेन्शन असेल' म्हणत बसू नका. दुखणं चालू असेल तर १०८ला फोन करा, इस्पितळात जा. पित्त आहे की हृदय हे ठरवायचं काम ईसीजीचं आहे, ओव्याचं नाही. माझा बाप ह्याच्यावर गेला.

आणि तपासणी नीट झाली, डॉक्टरनं हृदय चांगलं सांगितलं, तरी भीती जात नसेल, तर पुढची तपासणी छातीची करू नका. भीतीची करा. सार्वजनिक मोठ्या इस्पितळांत मनोविकार विभाग असतात. रात्री कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २०२२पासून चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. हा उपकार नाही, आपल्या कराचा पैसा आहे. वापरा.

आणि एक आपल्या आपल्यात. आपण पोरांना मार खायला शिकवलं, तुरुंगात जायला शिकवलं, पोलिसाच्या डोळ्याला डोळा भिडवायला शिकवलं. घाबरलोय हे सांगायला शिकवलं नाही. आपल्या अड्ड्यावर भीती ही शिवी आहे. त्यामुळं जो घाबरतो तो एकटा टपरीमागं जातो. मग कुणी दारूत शिरतो, कुणी बुवाकडं जातो, कुणी नुसता यायचा बंद होतो आणि आपण म्हणतो 'विकला गेला साला.' त्यातले किती विकले गेले आणि किती रात्री अडीचला मनगट धरून बसले होते, ह्याचा हिशोब आपण कधी मांडलाय?

माझी मागणी मोठी नाही. शाखेत फळ्यावर मोर्चाची तारीख लिहिता, त्याखाली दोन नावं लिहा : ह्या आठवड्यात दवाखान्यात सोबत कोण जाणार. एकट्या माणसाला 'काही नाही' सांगून वाटेला लावणं सोपं असतं. दोघं असले की दुसरा विचारतो, 'डॉक्टरसाहेब, काही नाही म्हणजे काय, जरा सांगा की.' तेवढा एक प्रश्न विचारणारा माणूस माझ्या बापासोबत असता तर बाप कदाचित राहिला असता. माझ्यासोबत असता तर माझी दोन वर्षं वाचली असती.

माझी खोली पोरांना माहीत आहे. कडी वाजवा. रात्री अडीचला मी बहुतेक जागाच असतो.

जय भीम.